कुकडीचं दळण

आमच्या गावच्या देवघरात एक काळा गोटा होता. लिंबाएवढा, गुळगुळीत, एका अंगाला छिद्र पडलेला. आजी रोज सकाळी त्याला ताम्हनात घेऊन अंघोळ घालायची, मऊ फडक्याने पुसायची, गंध लावून तुळशीचं पान वाहायची. कार्तिकात तोच नवरदेव व्हायचा आणि आम्ही पोरं चिंचा, आवळे, ऊस आणि चुरमुऱ्यांच्या आशेने त्याच्या लग्नाला अंगणात उभी राहायचो. छिद्रातून आत डोकावलं की वळत वळत गेलेल्या बारीक पन्हाळी दिसत. एकदा उदबत्तीच्या काडीने मी त्या मोजायला लागले, तर आजीने माझा हात धरला. "टोचू नको गं. जिवंत आहे तो."

शाळिग्रामाची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही, देव त्यात मुळातच असतो, ही श्रद्धा मला पुढे कळली. त्याच्याही पुढे, कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या पहिल्या वर्षाला सरांनी टेबलावर अमोनाइटचा नमुना ठेवला आणि मी क्षणात आमच्या देवघरात पोचले. त्याच पन्हाळी, तोच वळसा. आज जिथे हिमालय उभा आहे तिथे टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळाच्या गाळात सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी हे शंखधारी प्राणी गाडले गेले. आपल्या कोकणातल्या माकुळाचे दूरचे भाऊबंद. गाळाचा खडक झाला, खडकाचा डोंगर झाला, तो डोंगर गंडकीने कोरला आणि मुक्तिनाथच्या खालच्या अंगाला काळे गोटे प्रवाहात सुटे होऊन पडू लागले. कुणीतरी ते वेचले. त्यातला एक हिंडत हिंडत जुन्नर तालुक्यातल्या एका माजघरात आला. आजी म्हणाली तसा तो एके काळी खरोखरच जिवंत होता.

पंचायतन पूजेतले पाचही देव असेच दगडांचे. विष्णूसाठी गंडकीचा शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेचा बाण, गणपतीसाठी शोण नदीचा तांबडा शोणभद्र, देवीसाठी सुवर्णमुखीतला धातूची चमक असलेला खडा आणि सूर्यासाठी तंजावरजवळच्या वल्लमचा स्फटिक. देशाच्या चार कोपऱ्यांतले खडे एका तबकात. नदीकाठी वाकून खडा उचलायचा, तो घरी आणून जपायचा, हे वेड माझ्यापासून सुरू झालेलं नाही, हे या पाच दगडांकडे बघून मला नेहमी वाटतं आणि बरं वाटतं.

माझी नदी मात्र कुकडी. नाणेघाटाच्या अलीकडे पूर गावात कुकडेश्वराचं जुनं देऊळ आहे, तिथे तिचा उगम. जुन्नर तालुका ओलांडून ती पुढे शिरूर आणि पारनेरच्या शिवेवरून वाहते, घोडेला मिळते, घोड भीमेला. आणि भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. मराठीत वाळवंट हा शब्द आधी नदीचा आहे, राजस्थानचा नंतर. वारकरी ज्या वाळवंटात नाचतात त्या वाळूत आमच्या गावावरून वाहत गेलेल्या खडकाचे कण असणार, असं लहानपणी दादांनी सांगितलं होतं. आता मध्ये उजनीचं धरण आहे, त्यामुळे आमचे खडे तिथेच थांबतात. पण धरणाच्या आधी लाखो वर्षं ते पोचत राहिले होते.

कुकडीच्या खोऱ्यात कुठेही पाय ठेवा, खाली काळा कातळ. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, पुन्हा आला. शिवनेरीवर उभं राहून समोरच्या डोंगरांकडे बघितलं की हे थर पायऱ्यांसारखे एकावर एक मोजता येतात, मधूनच तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन त्यावर माती धरायला जेवढा वेळ मिळाला तेवढा तो पट्टा. ज्या सुमारास आपला सह्याद्री रचला जात होता, त्याच सुमारास जगातले सगळे अमोनाइट संपले. देवघरातल्या शाळिग्रामाचं कूळ आणि अंगणातल्या पाट्यावरवंट्याचा काळा दगड यांची गाठ अशी कुठेतरी पडते. हे जेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पाट्यावर चटणी वाटत होते आणि हात थांबला होता, एवढं आठवतं.

खडे बघायला जायचं ते संक्रांत उलटल्यावर. पाणी ओसरलेलं असतं, गोट्यांचे पट्टे उघडे पडलेले असतात. धरणातून आवर्तन सुटलं की चार-आठ दिवस नदी पुन्हा भरते, म्हणून निघण्याआधी गावात फोन करून विचारावं लागतं. नदी वळते तिथे आतल्या अंगाला तिचा जोर कमी होतो आणि हातातलं सगळं ती तिथे टाकून देते. तिथे जायचं. सकाळी नऊच्या आत, ऊन तिरपं असताना, सूर्य समोर ठेवून. चालायचं अगदी सावकाश. शंभर पावलांना अर्धा तास लागला तर ठीक चाललं आहे असं समजावं. सुकलेले गोटे सगळे राखेच्या रंगाचे दिसतात. म्हणून माझ्याजवळ इस्त्रीचे कपडे भिजवायची फवाऱ्याची बाटली असते. दोन फवारे मारले की तोच पट्टा उजळतो. काळा, विटकरी, शेवाळी हिरवा, मधाचा पिवळा, दुधाळ निळा.

गोट्यांची मांडणीही बघण्यासारखी असते. चपटे गोटे कौलांसारखे एकावर एक रेललेले असतात. पाय वरच्या अंगाला, डोकं खालच्या अंगाला. पाणी आटलेलं असलं तरी नदी कुठून कुठे वाहत होती ते त्यावरून सांगता येतं. आणि काठाच्या दरडीत, आताच्या पात्राहून पुरुषभर उंचीवर, चुन्याने सिमेंटसारखा घट्ट धरलेला गोट्यांचा जुना थर असतो. त्यातलेही गोटे असेच रेललेले. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात पाणी कुठल्या बाजूने आलं, ते त्या भिंतीत लिहून ठेवलेलं आहे. मी मुलांना हे दाखवते तेव्हा ती आधी तळहाताने थर चाचपतात, मग नदीकडे बघतात, मग पुन्हा थराकडे. शाळेत विज्ञान शिकवण्याची माझी 20 वर्षं झाली. एवढा चांगला फळा मला वर्गात मिळालेला नाही.

एकदा एक धनगरमामा मेंढरं पाण्यावर घेऊन आले होते. मी उकिडवी बसून तास झाला असेल. त्यांनी विचारलं, "ताय, काय हरावलं का?"

"काही हरवलं नाही मामा, खडे बघतेय."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग काठी टेकवून शेजारी बसले, कमरेच्या पिशवीतून एक अकीक काढला आणि माझ्या हातावर ठेवला. अंगठ्याच्या पेराएवढा, पिवळसर, आत पांढऱ्या रेघांची वर्तुळं. "चकमकीला ठिवलाय. लई वर्सं झाली." वापरून त्याची एक कड बारीक बारीक टवके उडून झिजली होती. आता काडेपेटी असते, चकमक लागत नाही, तरी तो पिशवीत होता. मी परत दिला तेव्हा त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसून आत ठेवला. मेंढरं वळवताना म्हणाले, वरच्या डोहापाशी असले ढिगानं सापडतात. खरंच सापडले.

अकीक, गारगोटी, जास्पर हे या काळ्या खडकातलं जडजवाहीर. लाव्हा थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपतं आणि बरोबर आणलेली सिलिका भिंतीवर थर थर देत जातं. अकीकातली वर्तुळं म्हणजे ते थर. बाहेरचं आधीचं, आतलं नंतरचं. पोकळी पूर्ण भरली नाही तर मधोमध स्फटिकांची इवलीशी गुहा राहते. त्याच पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिकही वाढतात, गुलाबी, बर्फासारखे पांढरे. पुण्याच्या आसपासच्या खाणींतले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण नदीत ते शोधून सापडायचे नाहीत. ते मऊ आणि ठिसूळ. दोन-चार मैलांत त्यांचं पीठ होतं. गारेची जात मात्र पोलादाला दाद देत नाही, ती टिकते. नदीसारखी पाखडणारी कुणी नाही. सुपातून फोलपटं उडवावीत तशी ती मऊ ते सगळं उडवून लावते आणि टणक तेवढं आपल्यापुढे ठेवते.

गारगोटीची एक गंमत आम्हाला लहानपणीच माहीत होती. दोन पांढऱ्या गारा घ्यायच्या, रात्री गोधडीच्या आत शिरायचं आणि जोरात घासायच्या. गारेच्या पोटात पिवळसर उजेड पेटतो. ठिणगी बाहेर उडण्याचा नव्हे, आतूनच दिवा लागल्यासारखा. आणि जळकट वास येतो. स्फटिक घासताना, तुटताना असा उजेड देतो. पाण्यात बुडवून घासला तरी देतो. माझ्या लेकीला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. न्हाणीघरातला दिवा बंद करून आम्ही दोघींनी बादलीत हात घातले. पाण्याच्या तळाशी दोन गारा पेटल्या तेव्हा ती काहीच बोलली नाही. नुसती घासत राहिली, मनगटं दुखेपर्यंत.

आजी मला पहिल्यांदा निघोजला घेऊन गेली तेव्हा मी आठ वर्षांची असेन. मळगंगेच्या दर्शनाला. तिथे कुकडीने कातळात जे करून ठेवलंय ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी उन्हाळ्यात एकदा जाऊन पाहावं. अख्खं पात्र रांजणांनी भरलेलं. एकात एक घुसलेले, एकमेकांच्या भिंती फोडून गेलेले, काही माणूस बुडेल एवढे खोल. भोवऱ्यात सापडलेला एखादा गोटा एका जागी गरगरत राहतो, कातळ घासतो, स्वतः घासला जातो. तो झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. कोरड्या रांजणाच्या तळाशी बघितलं की ते दळणारे गोटे दिसतात, अंड्यासारखे गुळगुळीत. मी आजीला विचारलं, हे कुणी केलं? तिने आपलं आयुष्यभर जात्यावर बसलेलं अंग थोडं पुढे वाकवलं, आत बघितलं आणि म्हणाली, "कुणी कशाला? नदी दळतीय."

मी त्यानंतर प्रवाहाने होणाऱ्या झिजेची किती वर्णनं वाचली. याहून नेमकं एकही नाही.

त्याच कुकडीवर वरच्या अंगाला बोरी बुद्रुक आहे. तिथल्या दरडीत एक फिकट राखाडी पट्टा दिसतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्यावरून बोट फिरवलं. मातीसारखा ओलसर नाही, वाळूसारखा खरखरीत नाही. रांगोळीचं पीठ चिमटीत धरल्यावर जसं वाटतं तसा, त्याहूनही हलका. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काचेच्या वळलेल्या चिरफळ्या दिसतात, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती. ही ज्वालामुखीची राख आहे, आणि आपल्या सह्याद्रीची नव्हे. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. सरळ रेषेत तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर वाऱ्यावर कापून ती राख आमच्या तालुक्यात पडली, पावसाने धुऊन नदीत आली आणि थरात दबली.

ती पडली कधी, यावर मोठा वाद झाला. 1980 च्या दशकात राखेचा शोध लागल्यावर आधी तिचं वय सुमारे 14 लाख वर्षं काढलं गेलं, मग दुसऱ्या पद्धतीने साडेसहा लाखांच्या वर. पुढे राखेच्या रासायनिक घडणीवरून काहींनी ती टोबाच्या शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीची ठरवली. वाद अजून चालू आहे. तो एवढा जिवाभावाचा होण्याचं कारण म्हणजे राखेच्या सोबतच्या थरांत माणसाने घडवलेली दगडी हत्यारं सापडतात. राखेचं वय ठरलं की आपल्याकडे माणूस केव्हा होता याचाही अंदाज लागतो. पुण्याहून नाशिकला जाताना नारायणगावाशेजारच्या खोडदला महाकाय दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या दिसल्या की लोक गाडी थांबवून फोटो काढतात. थांबावंच. पण त्याच तालुक्यात, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, हातभर जाडीचा असा पट्टाही आहे. त्याच्याजवळ मी अनेकदा एकटीच उभी असते.

आता हातकुऱ्हाडीबद्दल, म्हणजे आदिमानवाच्या मुठीत धरायच्या दगडी हत्याराबद्दल, लिहायला हवं. ते लिहिणं सोपं नाही.

मी नववीत असताना नदीवरून एक दगड आणला होता. बदामाच्या आकाराचा, एका टोकाला निमुळता, दुसरीकडे मुठीत भरेल असा जाड. काळसर तपकिरी, कडा थोड्या मळलेल्या. आकार आवडला म्हणून आणला, आणि तो मागच्या दाराला अडण म्हणून राहिला. सुट्टीत आम्ही भावंडं पायाने त्याला इकडेतिकडे लोटायचो. दहा-बारा वर्षांनी, शिकून झाल्यावर, मी तो एकदा उजेडात धरला. दोन्ही बाजूंनी छिलके काढलेले होते. प्रत्येक छिलका निघाला त्या जागी शिंपलीच्या आतल्या बाजूसारखा उथळ खळगा, आणि कडेपासून आत पसरत गेलेल्या बारीक लाटा. दगड आपसूक फुटला तर असे टवके कसेही उडतात. इथे ते आळीपाळीने होते, एक या अंगाने, एक त्या अंगाने, कडेची नागमोडी धार धरून. जाड टोक माझ्या तळहातात बसलं आणि अंगठा आपोआप एका खळग्यात जाऊन टेकला. कुणाचा तरी अंगठा तिथे आधी टेकलेला होता.

मी तो पुण्यात एका पुरातत्त्वाच्या अभ्यासकांकडे घेऊन गेले. त्यांनी बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. मग तीन प्रश्न विचारले. नेमका कुठे सापडला? थरात होता की पात्रात सुटा? शेजारी आणखी काय होतं? मला तिन्हींचं उत्तर देता आलं नाही. डाव्या काठाला की उजव्या, हेही आठवेना. त्यांनी तो टेबलावर हळूच ठेवला. "सुंदर आहे," ते म्हणाले. "पण याला आता गाव नाही."

हे वाक्य मला लागलं, अजून लागतं. चौदा वर्षांच्या मुलीची चूक आहे, असं लोक समजावतात. चूक कुणाची हा प्रश्नच नाही. तो दगड लाखो वर्षं एका जागी, एका थरात, एका शेजारात होता आणि ती जागा माझ्यामुळे गेली. त्या दिवसापासून मी नियम केला. सुटे अकीक, गारा उचलायच्या, त्याही मोजक्या. थरातलं काहीही, माणसाने घडवलेलं काहीही, हाड किंवा दात वाटणारं काहीही जागचं हलवायचं नाही. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो, मोबाइलवर ठिकाण, वहीत थराचं चित्र, आणि जाणकारांना निरोप. आपल्या 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, माणसाच्या हातची वस्तू पुरावशेष ठरते. पण मी कायद्याच्या धाकाने थांबत नाही. "गाव नाही" हे शब्द मला थांबवतात.

कारण ज्यांनी गाव राखून ठेवलं त्यांच्यामुळेच आपल्याला काही कळलंय. 1865 साली वाइन नावाच्या भूवैज्ञानिकाला पैठणजवळ मुंगी इथे गोदावरीच्या गोट्यांच्या थरात, जनावरांची जीवाश्म हाडं मिळतात त्याच थरात, अकीकाचा एक छिलका दिसला. बोटभर चीज. पण कुठल्या थरात मिळाली ते त्याने लिहून ठेवलं, म्हणून नष्ट झालेल्या जनावरांच्या काळात इथे माणूस होता असं म्हणण्याची सोय झाली. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, आज पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नांदूर मध्यमेश्वरला, एका प्रचंड हत्तीचे अवशेष मिळाले आणि भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी 1905 साली त्यांची नोंद छापली. तो हत्ती आजच्या हत्तीहून कितीतरी मोठा होता. मांजरेच्या खोऱ्यात तर पाणघोड्याची हाडं मिळाली आहेत. लातूरच्या पाण्याची आपण आज चिंता करतो, त्या मुलखात पाणघोडे डुंबत होते.

आणि प्रवरा. नेवाशाला 1954 पासून पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी उत्खनन केलं. त्याच गावाजवळच्या चिरकीला 1960 च्या दशकात गुडरुन कॉर्विनस ही जर्मन बाई येऊन राहिली. उन्हात प्रवरेच्या काठचे थर हात हात खरवडत तिने हातकुऱ्हाडी जागच्या जागी मांडलेल्या अवस्थेत नोंदवल्या. त्या काळी अहमदनगर जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या नदीकाठी एक परदेशी बाई वर्षानुवर्षं दगडांपाशी बसते, याचं लोकांना काय वाटलं असेल! त्यांनीही विचारलं असेल, काय हरावलं का? ज्ञानेश्वरांनी जिथे ज्ञानेश्वरी सांगितली त्याच नेवाशाच्या मातीत इतकी जुनी हत्यारं आहेत, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या वर्गात दरवर्षी सांगते.

चार वर्षांपूर्वी मला दात दिसला. कुकडीच्याच एका दरडीत, चुन्याने घट्ट झालेल्या थरात, शिंपल्यांच्या पट्ट्याच्या थोडं वर. निम्मा आत, निम्मा बाहेर. उभट, कडेला घड्या पडलेल्या, वरच्या घासलेल्या बाजूवर चंद्रकोरीसारख्या दोन रेघा. बैलाच्या जातीच्या जनावराचा असावा. रंग मधाचा, आणि नखाने वाजवला तर हाडासारखा बद्द नव्हे, चिनी मातीच्या कपासारखा खण्ण वाजला. मी एक तास तिथे बसले. सगळं शिस्तीत केलं. नाणं, फोटो, चित्र, ठिकाण, निरोप. जाणकार म्हणाले, पंधरा दिवसांत येतो, बघू. मी घरी येताना रस्ताभर आनंदात होते. या वेळी त्याला गाव होतं.

बाराव्या दिवशी आम्ही गेलो तर दरड नव्हती. जेसीबीच्या दातांचे ओरखडे उरले होते आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या शेतातून रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. खालची वाळू, वरचा गोटा, शिंपल्यांचा पट्टा, सगळं खरवडून नेलेलं. कुठे भराव म्हणून पडलं असेल, कुठल्या पायात गेलं असेल. मी रडले नाही. बरोबर आलेले सर खाली बसले आणि उरलेल्या कडेचं मोजमाप घ्यायला लागले. मग मीही वही काढली.

वाळू नेणाऱ्यांवर रागावून मोकळं होणं मला जमत नाही. माझं पुण्यातलं घर कुठल्यातरी नदीच्या वाळूनेच बांधलेलं आहे. वर धरणांनी गोटा अडवला, खाली यंत्रांनी उपसला, मधल्या नदीने करायचं काय? आजकाल पूर्वीचे पट्टे कितीतरी ठिकाणी बोडके झालेत, खालचा कातळ उघडा पडलाय. मामांनी सांगितलेला वरचा डोह आता नाही. म्हणून मी पूर्वीपेक्षा जास्त जाते, जास्त फोटो काढते, आणि दर उन्हाळ्यात शाळेतल्या दहा-बारा मुलांना बरोबर नेते. त्यांच्या पिशव्या परत येताना हलक्या असाव्यात आणि वह्या भरलेल्या असाव्यात, एवढीच अट. मागच्या मार्चमध्ये सहावीतल्या एका मुलीने गोट्यांच्या ढिगातून फुटक्या अकीकाचा तुकडा उचलला, डोळ्याजवळ धरला, आणि परत ठेवताना पुन्हा त्याच खाचेत, त्याच कुशीवर ठेवला. तिला मी तसं सांगितलं नव्हतं.

पावसाळ्यात नदीवर जायचं नाही, हा घरचा जुना दंडक. तो मी पाळते. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप, ज्यांनी विदर्भातल्या जीवाश्मांचा पाया घातला, ते 1863 च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात बुडाले. दगड वाचणाऱ्या माणसानेही पाण्याला मान द्यायला हवा. पण गावातलं आमचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि पुराच्या रात्री तिथे झोपण्यासारखं दुसरं सुख नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही गावी होतो. दोन दिवस घाटमाथ्यावर पाऊस धरून होता आणि रात्री धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप आला. वीज गेलेली. लेक माझ्या शेजारी गोधडीत होती. पाण्याचा गर्जल्यासारखा आवाज तिला सवयीचा झाला तेव्हा तिने विचारलं, "आई, खालून कसला आवाज येतोय?"

मी कान दिला. पाण्याच्या आवाजाच्या खाली दुसरा आवाज होता. बोदा, दबका, न थांबणारा. कडाड नाही, खळखळ नाही. खूप लांबवर, जमिनीच्या पोटात कुणीतरी पहाटेचं जातं ओढतंय तसा. पुराच्या पाण्याखाली गोटे हलत होते, एकमेकांवर आपटत, घासत, पुढे सरकत. दरडीतून सुटलेले नवे, रांजणातले जुने.

"गोटे चाललेत," मी म्हटलं.

ती उठून बसली, अंधारात, कान खिडकीकडे करून. बराच वेळ तशीच होती. मला वाटलं झोपली असेल, म्हणून गोधडी ओढायला गेले, तर ती हळूच म्हणाली, "पणजी म्हणायची ना, नदी दळतीय."